रक्त किती सांडलं त्यावर कलम ठरत नाही

मृग लागायच्या आधी धुऱ्यावरची, म्हणजे शेताच्या बांधावरची, भांडणं पेटतात. वखरताना शेजाऱ्यानं दोन तासं आत घेतली, धुऱ्यावरचं बोरीचं झाड तोडलं, बंडीची (बैलगाडीची) वाट अडवली, एवढं कारण पुरतं. कुणाचं तरी डोकं फुटतं, सदरा रक्तानं भिजतो आणि घरची माणसं ठाण्यात जाऊन म्हणतात, "साहेब, हाफ मर्डर लावा," म्हणजे खुनाच्या प्रयत्नाचं कलम लावा. तासाभरानं हातात एनसीचा, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीचा, कागद पडतो. समोरच्यानं पैसे चारले, हा पहिला संशय. कधी तसं होतही असेल. पण बहुतेक वेळा कायद्यानं त्या जखमेचं माप आपल्यापेक्षा वेगळ्या फूटपट्टीनं घेतलेलं असतं. ती फूटपट्टी गावात कुणी समजावून सांगत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी एक गोष्ट पक्की धरा. १ जुलै २०२४ पासून घडलेल्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागते. त्याआधीच्या घटनांना जुनी दंड संहिताच लागते, मग खटला आज चालू असला तरी. चावडीवर अजून तीनशे तेवीस, तीनशे चोवीस, तीनशे सव्वीस, तीनशे सात हेच आकडे बोलले जातात. नव्या कायद्यात ते अनुक्रमे ११५(२), ११८(१), ११८(२) आणि १०९ झाले आहेत.

"हिंसक गुन्हा" अशी व्याख्या या संहितेत नाही. दंग्याच्या कलमात बळ किंवा हिंसा असे शब्द येतात, पण हिंसा म्हणजे काय ते तिथंही सांगितलेलं नाही. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात अशी व्याख्या आहे आणि तिची गत पाहण्यासारखी आहे. तिचे दोन भाग होते. ज्या गुन्ह्याच्या घटकांतच बळाचा वापर, प्रयत्न किंवा धमकी आहे तो पहिला. ज्या गंभीर गुन्ह्याच्या स्वभावातच बळ वापरलं जाण्याचा मोठा धोका आहे तो दुसरा. हा दुसरा भाग तिथल्या सुप्रीम कोर्टानं २०१८ साली अतिसंदिग्ध म्हणून रद्द केला. आपल्याकडे तो घोळ नाही, कारण आपला कायदा गुन्ह्याचा स्वभाव विचारत नाही. तो तीनच गोष्टी विचारतो: शरीराचं काय झालं, हातात काय होतं, मनात काय होतं. (घरातल्या बाईच्या छळासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे. त्यात हिंसेची व्याख्या फार रुंद आहे, शिवीगाळ आणि पैशाची कोंडीसुद्धा त्यात येते. पण तो संरक्षणाचा मार्ग आहे, शिक्षेची कलमं वेगळी.)

सगळ्यात खालची पायरी हमला. आपण बोलताना हल्ला म्हणजे मारहाण समजतो, पण कायद्याच्या भाषेत हमला व्हायला हात लागावाच लागत नाही. कलम १३० प्रमाणे, आता हा आपल्यावर बळ वापरणार अशी भीती समोरच्याला वाटेल अशी हालचाल किंवा तयारी केली की हमला झाला. कुऱ्हाड उगारून दोन पावलं पुढं येणं पुरतं. चावऱ्या कुत्र्याची मुसकी सोडायला लागणं, हे उदाहरण तर कायद्यानंच दिलं आहे. नुसते शब्द मात्र हमला नाहीत. धुऱ्यापलीकडून "तुला पाहून घेतो" म्हटलं तर तो हमला होत नाही, धमकी होते, तिचं कलम ३५१. हमल्याची शिक्षा कलम १३१ खाली ३ महिने किंवा १,००० रुपये दंड किंवा दोन्ही. तीच झोंबाझोंबी बाईच्या विनयभंगाच्या इराद्यानं झाली तर कलम ७४ लागतं आणि शिक्षा किमान १ वर्षापासून ५ वर्षांपर्यंत जाते. तलाठी किंवा वनरक्षक कामावर असताना त्याचं काम थांबवण्यासाठी झाली तर कलम १३२.

पुढची पायरी दुखापत. कलम ११४ ची व्याख्या एका ओळीची आहे: शारीरिक वेदना, रोग किंवा अशक्तता आणणं. म्हणजे रक्त नको, वळ नको, कानाखाली बसलेली चपराकही दुखापतच. शिक्षा ११५(२) खाली १ वर्षापर्यंत, किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा अदखलपात्र, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या हुकुमाशिवाय पोलीस तपास करत नाहीत असा, आणि जामीनपात्र. काठी लागून टाळू फाटली, पाच टाके पडले, अंग रक्तानं माखलं, पण हाड शाबूत आहे आणि मारणाऱ्याच्या हातात घातक साधन नव्हतं असं दिसलं, तर गाडी इथंच थांबते. टाळूला रक्तपुरवठा भरपूर असतो, लहान जखमही भळाभळा वाहते. उलट पोटात बसलेल्या लाथेनं बाहेर ओरखडाही उठत नाही आणि आत पांथरी (प्लीहा) फुटून माणूस चार तासांत जातो. गडचिरोलीसारख्या मलेरियाच्या भागात पांथरी आधीच वाढलेली असू शकते, थोडक्या मारानं ती फाटते. अशा वेळी मारणाऱ्याला त्या आजाराची माहिती होती का, यावर साधी दुखापत ते खून एवढा मोठा पल्ला बदलतो.

आता खरा मुद्दा, जबर दुखापत. कलम ११६ मध्ये तिचे आठ प्रकार दिले आहेत आणि त्याबाहेर नववा प्रकार न्यायाधीशालाही जोडता येत नाही. पुरुषत्व नष्ट करणं. एका जरी डोळ्याची दृष्टी कायमची जाणं. एका जरी कानाचं ऐकणं कायमचं जाणं. अवयव किंवा सांधा जाणं. अवयवाची किंवा सांध्याची शक्ती नष्ट होणं किंवा कायमची कमी होणं. डोकं किंवा चेहरा कायमचा विद्रूप होणं. हाड किंवा दात मोडणं अथवा निखळणं. आणि आठवा, जिवाला धोका होईल अशी किंवा १५ दिवस तीव्र वेदना देणारी, नाहीतर तेवढे दिवस रोजचे व्यवहार करू न देणारी दुखापत. जुन्या कायद्यात हे २० दिवस होते. ठाण्यात किंवा दवाखान्यात कुणी अजून वीस दिवस म्हणत असेल तर तिथंच टोका.

आमच्याकडची प्रकरणं बहुतेक सातव्या आणि आठव्या प्रकारावर तुटतात.

सातव्यात हाडाचा आकार मोजत नाहीत. करंगळीचं पेर मोडलं तरी जबर, नाकाच्या हाडाला चीर गेली तरी जबर. हाडाचे दोन तुकडे व्हायलाच पाहिजेत असंही नाही. होरीलाल खटल्यात सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं आहे की हाडाला भेग पडली, कपची निघाली तरी ते हाड मोडणंच. पण हे सिद्ध होतं एक्स-रे वर. बरगडीची किंवा मनगटातल्या लहान हाडाची बारीक चीर पहिल्या दिवशीच्या फिल्मवर पुष्कळदा दिसतच नाही, दहा-चौदा दिवसांनी हाड भरायला लागलं की दिसते. म्हणून दुखणं हटत नसेल तर "फिल्म नॉर्मल आहे" या शब्दावर घरी बसू नका. डॉक्टरांना अभिप्राय राखून ठेवायला सांगा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढा. फिल्मवर नाव आणि तारीख असावी. नुसता रिपोर्ट ठेवून फिल्म हरवली की दोन वर्षांनी कोर्टात बचावाचा वकील पहिला तोच प्रश्न काढतो.

दाताचं प्रकरण आमच्याकडे वेगळंच नाजूक आहे. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्याच्या हिरड्या आधीच सुटलेल्या असतात. दात पडला की बचाव ठरलेला: तो हलतच होता, उद्या पडायचा तो आज पडला. त्याला उत्तर त्याच दिवशीच्या तपासणीत असतं. दाताच्या खळगीतून ताजं रक्त येत होतं का, हिरडी फाटली होती का, ओठाच्या आतल्या बाजूला मार आहे का, शेजारचे दात घट्ट होते का, हे चार मुद्दे प्रमाणपत्रात आले तर दात टिकतो. आठ दिवसांनी गेलात तर खळगी भरत आलेली असते आणि सांगण्यासारखं काही उरत नाही. पडलेला दात कागदात बांधून पोलिसांना जप्त करायला द्या.

आठव्या प्रकारात लोकांचा मोठा गैरसमज आहे. पंधरा दिवस दवाखान्यात भरती राहिलं की जबर दुखापत झाली असं धरून चालतात. भरती राहणं हा पुरावा नाही. त्या काळात वेदना तीव्र होत्या किंवा रोजचे व्यवहार करता येत नव्हते, हे केसपेपरवर रोजच्या नोंदीत दिसावं लागतं. भरती असताना सातव्या दिवशी रोगी चौकात चहा पिताना दिसला की प्रकरण ढिलं पडतं.

अजून एक अट लक्षात येत नाही. जबर दुखापत घडून आली एवढं पुरत नाही, तसं व्हावं हा इरादा किंवा तसं होऊ शकतं याची जाणीवही लागते. एका धक्क्यानं माणूस दगडावर पडून हात मोडला, तर धक्का देणाऱ्याला हात मोडेल याची जाणीव होती का, हा प्रश्न उभा राहतो. नसेल तर मोडलेल्या हातावरही ११५(२) च उरू शकतं.

जबर दुखापतीची शिक्षा ११७(२) खाली ७ वर्षांपर्यंत आणि दंड. मारानं माणूस कायमचा अपंग झाला किंवा बेशुद्धीतच खाटेला खिळला, तर नव्या ११७(३) मध्ये किमान १० वर्षं सक्तमजुरी आणि पुढं जन्मठेप. जुन्या कायद्यात हे पोटकलम नव्हतं.

आता हातात काय होतं ते. कलम ११८ मध्ये गोळी झाडायचं, भोसकायचं, कापायचं साधन सरळ येतं. त्याशिवाय शस्त्र म्हणून वापरलं तर मरण येऊ शकेल असं कोणतंही साधन, आग, तापलेला पदार्थ, विष, गंजवणारा पदार्थ, स्फोटक आणि जनावरसुद्धा. विळा, कुऱ्हाड, कोयता यांवर वाद नाही. वाद होतो तो काठी, सब्बल, बंडीची उभारी, बैल हाकायची तुतारी आणि गोट्यावर. इथं वस्तूचं नाव नाही, वापर पाहतात: जाडी किती, लोखंड होतं का, घाव कुठं घातला, किती जोरानं. मथाई खटल्यात २००५ साली सुप्रीम कोर्टानं दगडाबाबत हेच धरलं: प्रत्येक दगड घातक शस्त्र नाही, त्याचा आकार आणि धार पुराव्यात यायला हवी. म्हणून फिर्यादीत "गोट्यानं मारलं" एवढं लिहून थांबू नका. नारळाएवढा की लिंबाएवढा, ते लिहा. आणि माणसाचे दात हे साधन नाही, असं शकील अहमद खटल्यात २००४ सालीच ठरलं आहे. चाव्यानं बोट तुटलं तरी जबर दुखापत होते, घातक शस्त्राचं कलम लागत नाही.

इथं एक गोष्ट लोकांच्या डोक्यात बसत नाही. काठीनं हात मोडला, ११७(२) लागलं, शिक्षा ७ वर्षं, तरी गुन्हा जामीनपात्र. विळ्यानं दंडावर दोन सेंटीमीटरची जखम झाली, ११८(१) लागलं, शिक्षा फक्त ३ वर्षं, पण गुन्हा अजामीनपात्र. हात मोडलेला माणूस गळ्यात झोळी घालून ठाण्यासमोरून जातो आणि आरोपी संध्याकाळी घरी असतो, यात नेहमी ठाणेदाराचा दोष असतोच असं नाही. शस्त्रानं जबर दुखापत झाली तर ११८(२), म्हणजे किमान १ वर्ष ते १० वर्षं किंवा जन्मठेप.

शस्त्र आणि जखम जुळायला हवी, आणि खटले सर्वात जास्त इथं फुटतात. काठीचा घाव टाळूवर बसला की कातडी खालच्या हाडावर दबून सरळ रेषेत फाटते आणि जखम कापल्यासारखी दिसते. घाईत प्रमाणपत्रात "धारदार शस्त्र" लिहिलं जातं. भिंगातून पाहिलं तर फरक कळतो: काठीच्या जखमेचे काठ चेचलेले असतात, केसांची मुळं ठेचलेली असतात, खोलात तंतू अखंड राहिलेले असतात. विळ्याच्या जखमेत काठ स्वच्छ आणि केस कापलेले. उलट कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, म्हणजे पात्यामागच्या बोथट भागानं मारलं तर जखम बोथट येते. फिर्यादीत नुसतं "कुऱ्हाडीनं मारलं" असेल आणि प्रमाणपत्रात बोथट मार, तर फिर्यादी खोटा ठरतो. तो खरंच सांगत असतो, फक्त तुंबा म्हणायचं राहून गेलेलं असतं. म्हणून कोणत्या बाजूनं मारलं ते बयानात आणाच.

मार बसल्यावर पहिल्या चोवीस तासांत काय करावं, तेही सांगतो. आधी उपचार. पोलिसांचा मेमो नाही म्हणून डॉक्टरला जखमी माणूस परत पाठवता येत नाही, परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच सुप्रीम कोर्टानं ते ठरवलं आहे. दवाखान्यात "कसं लागलं" असं विचारतील, तिथं खरं सांगा. पोलिसांची झंझट नको म्हणून लोक "बंडीवरून पडलो" सांगतात, चार दिवसांनी मन बदलतं आणि मग तो पहिला केसपेपरच आरोपीचा सर्वात मोठा साक्षीदार होतो. प्रमाणपत्रात सगळ्या जखमा मोजमापासह, डावी-उजवी बाजू बरोबर, रंगासह याव्यात. मुका मार पहिल्या दिवशी लाल, मग निळा, पाच-सहा दिवसांनी हिरवट, पुढं पिवळा होतो. रंगावरून मार किती जुना ते कळतं. रक्ताचे कपडे धुऊ नका. सावलीत वाळवा आणि कागदात गुंडाळून पंचनाम्यात द्या. प्लास्टिकच्या पिशवीत ओलं रक्त सडतं आणि प्रयोगशाळेच्या कामाचं राहत नाही.

पोलीस पाटलाला जरूर सांगा, पण पाटलाला सांगितलं म्हणजे गुन्हा नोंदला असं नाही. ठाण्यात जायलाच हवं. उशीर झाला असेल, रोगी नागपूरला हलवावा लागला असेल, तर ते कारण फिर्यादीतच लिहा. एफआयआरची प्रत फुकट मिळते. गुन्हा दखलपात्र असेल आणि ठाणं नोंदवत नसेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे तपास आणि खटल्याच्या पद्धतीच्या नव्या कायद्याच्या, १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, तिथं काम झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडं अर्ज. मारहाणीआधी तुमची वाट अडवली असेल, पुढं जाऊ दिलं नसेल, तर तेही सांगा. बेकायदा अडवणूक, कलम १२६(२), शिक्षेनं लहान असली तरी दखलपात्र आहे, आणि अनेक गुन्ह्यांत एकही दखलपात्र असला की सुरक्षा संहितेच्या १७४(४) प्रमाणे सगळं प्रकरण दखलपात्र धरतात. जे घडलं नाही ते मात्र जोडू नका.

रागात समोरच्या घरातली सात नावं लिहून देणं, हे सर्रास चालतं. पाच किंवा जास्त माणसं असली की गैरकायद्याची मंडळी, कलम १८९, आणि दंगा, १९१, लागतो. मग म्हातारी आई आणि कॉलेजात शिकणारा पोरगाही त्यात येतो. उलटतपासणीत कुणी काय केलं ते सांगता आलं नाही की तिघं सुटतात, आकडा पाचाखाली येतो आणि दंगाही जातो. खऱ्या मारणाऱ्यालाही त्याचा फायदा मिळतो. दोघांनी मारलं असेल तर दोघांचीच नावं द्या. समान इराद्याचं ३(५) त्यांना पुरतं.

आणि हाफ मर्डर? कलम १०९ ला जखमेची खोली नाही, मनातला इरादा लागतो. बाळाराम बामा पाटील खटल्यात १९८३ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की जीवघेणी जखम झालीच पाहिजे असं नाही. इरादा वाचायचा तो शस्त्रावरून, कोणत्या भागावर घाव घातला त्यावरून, किती वार केले आणि का थांबला त्यावरून. कुऱ्हाडीचा मानेवरचा वार हुकला तरी १०९ लागू शकतं. पायावर दहा काठ्या बसून नडगी मोडली तरी बहुधा लागत नाही.

धुरा राखायचा हक्क कुणी नाकारत नाही. वखर आत घालणाऱ्याला ढकलून बाहेर काढायला कायदा बळ देतो, पण गरजेपुरतंच, आणि पोलिसांकडं जायला वेळ असेल तर तेवढंही नाही. तो पळायला लागल्यावर मागं धावून मारलं तर बचाव संपला. दोन्ही बाजूंना लागलं असेल तर दोन्ही फिर्यादी नोंदतात. नाथीलाल खटल्यानुसार (१९९०) अशी दोन्ही प्रकरणं एकाच न्यायाधीशापुढं पाठोपाठ चालवावीत. आरोपीच्या अंगावरच्या जखमा तुमच्या फिर्यादीत आल्याच नाहीत तर कोर्ट त्यावर बोट ठेवतंच. झटापटीत त्यालाही लागलं, हे आधीच सांगितलेलं बरं.

हातात एनसी आली तरी दार बंद झालेलं नसतं. अदखलपात्र गुन्ह्याचा तपास पोलीस स्वतःहून करू शकत नाहीत, पण न्यायदंडाधिकाऱ्यांचा हुकूम आणता येतो किंवा तुम्ही स्वतः कोर्टात खासगी फिर्याद लावू शकता. त्यात नव्या कायद्यानुसार आरोपीला आधी बोलायची संधी मिळते. मध्येच एक्स-रे मध्ये हाड मोडलेलं निघालं तर रिपोर्टची प्रत त्याच दिवशी ठाण्यात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, ११७(२) लागून तीच एनसी गुन्ह्यात बदलते. मुदतीकडं लक्ष ठेवा. नुसतं ११५(२) असेल तर कोर्टात फिर्याद लावायची मुदत घटनेपासून १ वर्ष. सोबत शिवीगाळीचं ३५२ किंवा धमकीचं ३५१(२) असेल तर ३ वर्षं, कारण मुदत जास्त शिक्षेच्या कलमावरून मोजतात.